आमच्या घरी कुणाला ऊन लागत नाही

आमच्या वलगावच्या घरी कुणाला ऊन लागत नाही, असं माझा थोरला भाऊ मला जन्मभर सांगत आला. ऊन लागतं ते पुण्याच्या पाहुण्यांना, बँकेतल्या साहेबांना आणि अमरावतीत राहायला गेलेल्या बहिणींना. यातला शेवटचा टोला माझ्यासाठी असे. मी नर्सिंग शिकायला अमरावतीला आले, तिथेच राजापेठेत संसार थाटला आणि कूलरची सवय लावून घेतली, म्हणजे त्याच्या लेखी मी वऱ्हाडातून केव्हाच बाहेर पडले होते. वलगाव माझ्या घरापासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या आत येतं, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

मी तीसेक वर्षं आरोग्य सेविका होते. इंजेक्शनं, लसी, बाळंतपणं ही कामं वर्षभर असत. मार्च लागला की त्यात आणखी एक काम ठरलेलं असे. गावोगाव जाऊन उष्माघाताची माहिती सांगायची. शाळेच्या व्हरांड्यात बायका जमत, मागे दोन-चार म्हातारे येऊन टेकत. मी सांगायचे की तहान लागायची वाट पाहू नका, आधीच पाणी प्या. शेतातलं काम सकाळी लवकर उरका. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नका. पायात गोळे आले, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम गळत असला, तर सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्या. पण अंग तापून माणूस काहीतरीच बोलायला लागला, तर घरी थांबायचं नाही. एकशे आठला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत त्याला भिजवून वारा घालायचा.

हे शेवटचं मी मुद्दाम आमच्या बोलीत सांगत असे. "माणूस आपल्यासारखा वागत नसन ना, तं समजा ऊन डोक्यात गेलं." की लगेच बायकांमधून एखादी म्हणे, "मंग बाई, आमच्या घरचा तं बारा महिने उन्हातच हाये." सगळ्या खो खो हसत. गाव बदले, वर्ष बदले, हा विनोद बदलत नसे. मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसत असे, कारण हसलेल्या बायका पुढचं नीट ऐकतात.

एकदा वलगावातच माझं हे भाषण होतं आणि दादा मागे उभा राहून ऐकत होता. घरी जेवायला बसलो तेव्हा म्हणाला, "पाणी प्या म्हणून सांगाची नोकरी हाये तुई? हे तं आमची म्हैसबी सांगते."

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. प्रेमळ हा शब्द त्याच्याबाबत कुणी वापरलेला मी तरी ऐकला नाही. वऱ्हाडी माणसाचं 'या, बसा' पुण्याकडच्या माणसाला दरडावल्यासारखं वाटतं, ही गोष्ट वेगळी. दादाचं 'या, बसा' वलगावकरांनाही तसंच वाटे. भाजीत मीठ कमी झालं की तो वहिनीशी भांडे, पाऊस लांबला की आभाळाशी, आणि कुणीच सापडलं नाही तर टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलीशी. समोरच्याने हार मानली तरी त्याचं समाधान होत नसे. एवढ्या लवकर का मानली, म्हणून तो पुन्हा चिडे.

या माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा. साखरपुड्याला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. आता अकोल्याच्या लोकांचं असं आहे, की त्यांना आपल्या उन्हाचा फार अभिमान. पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की स्वतः शिडी लावून चढवून आल्यासारखं सांगतात. मुलाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, गोड बोलणारे, गमत्या स्वभावाचे. जेवताना दादाला म्हणाले, "तुमच्या अमरावतीले कायचा उन्हाळा भाऊ? तुमच्या बाजूले चिखलदरा हाये. ऊन पाहाचं असन तं मे महिन्यात आमच्या इकडं या."

सगळे हसले. दादाही, मुलीचा बाप म्हणून, ओठ ताणून हसल्यासारखं करून बसला. पण गाडीत बसल्यापासून बडनेरा येईपर्यंत तो एकाच वाक्यावर होता. "मले ऊन शिकवते. मले!" वहिनीने दोनदा विषय बदलून पाहिला, मग ती झोपली. झोपेचं सोंगही असेल.

लग्न धरलं ते मे महिन्याच्या उत्तरार्धात. वऱ्हाडात लग्नं मेमध्येच होतात, कारण शेतं रिकामी असतात, पोरांच्या शाळा बंद असतात आणि कुणालाही येत नाही म्हणायला सबब उरत नाही. मुहूर्त दुपारी साडेबाराचा निघाला. मी म्हटलं, संध्याकाळचा घ्या. आजकाल बरेच लोक घेतात. दादा म्हणाला, "म्हंजे अकोलेवाले म्हणतीन, उन्हाले भेला." संपला विषय.

त्यात कन्यादानाचा उपास. कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईबापाने जेवायचं नाही ही आमच्याकडची रीत आहे आणि तिला माझी हरकत नाही. एक दिवस न जेवल्याने कुणी मरत नाही. पण दादाने उपासातून पाणीही काढून टाकलं. रीतीत तसं कुठेही नाही. वहिनी उपासाची असूनही मी तिला लिंबाचं सरबत पाजलंच होतं. दादा म्हणाला, "आपल्या आज्यानं पाण्याचा थेंब न घेता तीन पोरी उजवल्या."

"आजोबांच्या पोरींची लग्नं माघात झाली होती," मी म्हटलं. "गोधडी पांघरून बसले होते मांडवात."

तो ऐकणाऱ्यांतला नव्हताच. रक्तदाबाची गोळी मात्र त्याने सकाळी सहाला घेतली, एका घोटावर. ती गोळी लघवी वाढवणारी आहे हे मला माहीत होतं. मी त्याला बाजूला घेऊन नीट सांगितलं, की ही गोळी अंगातलं पाणी काढते, वरून तू पाणी पीत नाहीस, हे बरं नाही. त्यावर तो म्हणाला, "गोळी मायी, बीपी मायं. तू काहून तापून राहिली?" मी चिडून नवरीच्या खोलीत निघून गेले. चिडायच्या ऐवजी हटून बसायला हवं होतं, हे आता कळून काय करायचं?

लग्नाचा हॉल अमरावतीत, बडनेरा रोडला. दादाने नवा कोट घातला होता, बंद गळ्याचा, गडद निळा, आत अस्तर असलेला. त्यावर फेटा. कोटाच्या खिशात वहिनीने कांदा ठेवला. उन्हात जाताना जवळ कांदा असला की ऊन बाधत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. कांद्यासारखी दुसरी शांत चीज नाही. तो खिशात गप पडून राहतो, आणि माणसाला वाटतं, काळजी घेऊन झाली. त्या दिवशी दादाने उन्हापासून घेतलेली काळजी म्हणजे तेवढा तो कांदा.

वरात अकराला येऊन रस्त्याच्या पलीकडे थांबली आणि नाचायला लागली. मुलाचे मित्र दीड-दोन तास नाचले. ते मधेमधे पाण्याच्या पाउचा डोक्यावर फोडून घेत होते, म्हणून तगले. व्याही पुढे होऊन आधीच गेटाशी आले होते. दादा त्यांना सामोरा गेला. दोघांनी गळाभेट घेतली आणि मग दोघंही तिथेच, डांबरी रस्त्याच्या कडेला, भर उन्हात उभे राहिले. दहा पावलांवर मांडवाची सावली होती. पण व्याही म्हणाले, "चला, सावलीत जाऊ. तुमाले सवय नसन." एवढं झाल्यावर दादा सावलीत जाईल कसा? पाण्याचा ट्रे आला. व्याही म्हणाले, "घ्या भाऊ." दादा म्हणाला, "पहिले तुमी." व्याही म्हणाले, "मले तहानच नाई." ट्रे परत गेला. हे सगळं व्याह्यांनीच मला पुढे सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. ते येताना पोटभर नाश्ता करून, वर दोन ग्लास मठ्ठा पिऊन आले होते. गंमत करत होते बिचारे. समोरचा माणूस आदल्या रात्रीपासून कोरडा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाऊण वाजायला आला तरी नवरदेव दारात नव्हता. मी नवरीच्या खोलीतून बाहेर आले. मांडवाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दादा बसलेला दिसला. मला वाटलं, बरं झालं, बसला तरी एकदाचा. मी जवळ गेले. त्याने मान वर केली आणि तो माझ्याकडे बघून हसला.

"ये बाई," तो म्हणाला. "बस माह्याजवळ."

बाजूची खुर्ची त्याने स्वतः ओढली. मुहूर्त टळत होता, वरातीतले लोक रस्ता अडवून नाचत होते, आचारी येऊन पुऱ्या तळू का म्हणून विचारून गेला, आणि दादा कुणालाही काही बोलत नव्हता. एरवी त्याने त्या डीजेवाल्याला गाडीसकट परत पाठवलं असतं. मी मनात म्हटलं, मुलगी चालली. आज हा मऊ झाला. बापाचं काळीज शेवटी.

त्याने माझा हात हातात घेतला. साठीपलीकडच्या माझ्या भावाने माझा हात कधी धरल्याचं मला आठवत नव्हतं. हात गरम लागला. मेमध्ये काय गरम लागत नाही? नळाचं पाणी, खुर्चीची पाठ, गळ्यातलं मंगळसूत्र, सगळंच पोळत असतं. मी तो गरम हात तसाच धरून ठेवला.

"तुले होस्टेलवर सोडाले आल्तो," तो म्हणाला.

मला कळेना, हे आज मध्येच कुठून आलं. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नर्सिंगला जाऊ नये असं बाबांचं मत होतं. त्यांनी शेवटी हो म्हटलं, पण पोचवायला ते आले नाहीत. दादा आला, सायकलवर. मी मागे कॅरियरवर, मांडीवर ट्रंक. वलगावपासून अमरावतीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. गेटाशी ट्रंक उतरवली, सायकल वळवली आणि गेला. जातो, असंसुद्धा म्हणाला नाही. मी त्या रात्री खूप रडले. दादाचाही आपल्याला विरोध होता, बाबांनी भरीस पाडलं म्हणून आला, असं मी धरून चालले, आणि चाळीस वर्षं तसंच धरून होते. त्याचं मला वाईट वाटे. कुणाला कधी सांगितलं नाही इतकंच.

"मी घरी नाई गेलो तवा," दादा सावकाश बोलत होता. शब्द थोडे जड येत होते. "रस्त्यात थांबलो. कडुलिंबाखाली. दिवस बुडेपर्यंत बसलो. लय रडलो वं बाई. घरात तू नसशीन, तं मी भांडू कोनासंगं?"

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. दर मार्चला तेच तर मी गावोगाव सांगत आले होते. माणूस आपल्यासारखा वागत नसला तर थांबू नका. माझ्यासमोर माझा भाऊ हसत होता, हात धरत होता, रडलो म्हणून सांगत होता. आपल्यासारखा नसणं म्हणजे याहून वेगळं काय असतं? पण मी त्याच्याकडे नर्स म्हणून पाहिलंच नाही. मला फार बरं वाटत होतं. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळत होतं, ते मध्येच तोडावं असं वाटेना. मी पदराने डोळे पुसत बसून राहिले. दहा मिनिटं असतील. त्याहून जास्तही असतील.

मग तो माझ्या कानाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबाले नको सांगू. मी रडलो म्हणून. आत बसले हायेत ना ते?"

बाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले, डोळे माझ्यावर ठरत नव्हते. फेट्याखाली कपाळाला हात लावला तर तो भाजला. घाम नव्हता. "दादा, आज काय आहे?" मी विचारलं. तो विचार करत राहिला. मग उठायला गेला आणि कोलमडून माझ्या अंगावर आला.

त्यानंतर मी मांडवात जे ओरडले, ते आमच्या घराण्यात दादा सोडून कुणी ओरडलं नसेल. चौघांनी त्याला उचलून जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्या कूलरसमोर आणलं. एकाला एकशे आठ लावायला सांगितलं. मी कोटाची बटणं तोडली, फेटा काढला, सदरा फाडला, धोतर सैल केलं. वरपक्षाची माणसं बघताहेत म्हणून आमच्यातल्या एका बुजुर्गाने त्याच्या अंगावर उपरणं टाकलं, ते मी काढून फेकलं. तेवढ्यात एका मावशीने कांदा फोडून त्याचे तळवे चोळायला सुरुवात केली. चोळू दिलं, तेवढेच तिचे हात गुंतले. पण दुसरी पन्ह्याचा ग्लास घेऊन त्याच्या तोंडाशी आली, तिचा मात्र मी हातच धरला.

"शुद्ध नाही त्याला," मी म्हटलं. "आता तोंडात काही घातलं तर ते छातीत जाईल."

"अवं, पण कैरीचं हाये, थंड असते," ती म्हणाली.

"मग त्याच्या अंगावर ओत," मी म्हटलं, आणि तिने खरंच ओतलं. नंतर दोन दिवस त्याच्या अंगाला वेलचीचा वास येत होता.

टेबलांवरच्या पांढऱ्या चादरी आम्ही ओढून काढल्या, भिजवल्या, त्याच्या अंगावर टाकल्या. मला बर्फ हवा होता. मी मान वर केली तर व्याही शीतपेयांच्या बाटल्यांचा अख्खा टब दोन्ही हातांनी ओढत आणत होते. त्यांनी येता येता डीजे बंद करवला होता. रेशमी कुर्ता कमरेपर्यंत भिजलेला. प्लॅस्टिकच्या पन्न्यांमध्ये बर्फ भरून आम्ही मानेशी, काखांत, जांघेत ठेवला. व्याही गुडघ्यावर बसून पाणी ओतत होते आणि एकच म्हणत होते, "मी म्हणलं त्याले सवय नसन. मीच म्हणलं."

भाची धावत आली. डोक्याला मुंडावळ्या, हातात मेंदी. ती बापाच्या पायाशी बसली आणि हातातल्या पुठ्ठ्याने वारा घालायला लागली. रडली नाही. पुठ्ठा थांबवला नाही. मधेच तिने मला विचारलं, "आत्या, खरं सांग." मी नाडीवरचं बोट काढलं नाही. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की हा जातो.

गाडी आली. गाडीत ताप मोजला तेव्हा एकशे सहा होता, तोही एवढं भिजवल्यावर. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने सगळं विचारून घेतलं, गोळी, पाणी, कोट, किती वेळ उन्हात. मग म्हणाला, "तुम्ही जागेवरच थंड केलं म्हणून हाती लागले. आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो. कुणी ओळखलं?"

"या नर्स आहेत," कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणालं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. माझ्या डोक्यात ती दहा मिनिटं होती.

मुहूर्त टळला होता. व्याह्यांनी दवाखान्यातूनच सगळ्यांना सांगितलं, की दादांच्या जिवाचं कळेपर्यंत अक्षता पडणार नाहीत, कुणाला घाई असेल त्याने जेवून जावं. संध्याकाळी सहाला डॉक्टर म्हणाला, ताप उतरला, पण किडनीकडे लक्ष ठेवावं लागेल. मग दिवस मावळताना लग्न लागलं. हवा बरी होती, मांडवात गारवा होता, सगळे म्हणाले, मुहूर्त असाच पाहिजे. कन्यादान भाचीच्या मामा-मामीने केलं. ज्या कन्यादानासाठी दादा कोरडा राहिला, ते सोडून त्याने त्या दिवशी सगळं केलं.

तिसऱ्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला. सलाईन पाहून म्हणाला, "हे काय टोचून ठेवलं?" मग नर्सशी भांडला, वहिनीशी भांडला, खिडकी उघडी का म्हणून भांडला, बंद केल्यावर बंद का म्हणून भांडला. वहिनी, भाची आणि मी, आम्ही तिघी बायका पलंगाभोवती उभ्या राहून हसत होतो आणि रडत होतो, आणि तो विचारत होता की या येड्यासारख्या काहून करून राहिल्या. पोरीचं लग्न झालं, तेही संध्याकाळी, हे ऐकल्यावर तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळला. त्याला लग्नाच्या दिवसातलं सकाळची गोळी घेईपर्यंतचंच आठवत होतं. पुढचं सगळं पुसलेलं. गेट नाही, व्याही नाहीत, शेडखालची खुर्ची नाही.

त्या खुर्चीचं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? मी दहा मिनिटं ऐकत बसले, म्हणून? आणि तो बोलला ते तरी खरं होतं का? जो माणूस मेलेल्या बापाला आत बसवतो, त्याच्या कडुलिंबावर विश्वास कसा ठेवायचा? डोक्यात ऊन गेलेली माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. एक जण मला आपली मेलेली बायको समजून साडीचा रंग विचारत होता. दादाचंही तसंच असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते पटत नव्हतं, आणि पटू नये असंही वाटत होतं.

यंदा मार्चमध्ये वहिनीचा फोन आला. एकदा ऊन बाधलेल्या माणसाने पुढच्या उन्हाळ्यात जास्तच जपायचं असतं, आणि दादा तर भर दुपारी वावरात जायची भाषा करत होता. मी वलगावला गेले. तो ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. बाजूला पाण्याची बाटली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "ते पाहुण्यांसाठी हाये." बाटली अर्धी झालेली होती आणि दुसरा पाहुणा कुणी दिसत नव्हता. मीही शेंगा घेतल्या.

थोड्या वेळाने त्याने मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी मी काय बोललो वं? अकोल्याचा इवाई म्हणत होता, तू माह्यापाशी बसली होती."

मी सांगितलं. पण तो बोलला ते नाही, आधी माझंच. तो हसला तेव्हाच मला समजायला हवं होतं, हे सांगितलं. "मले समजलं नाई असं नाई, दादा. मले उठूच नाई वाटलं. तू बोलत होता, मले बरं वाटत होतं. मी नर्स असून बसून राहिली. तू मेला असता."

तो शेंगा सोलत राहिला. "मेलो नाई ना?"

"नाही."

"मंग? आन बोललो काय मी एवढं, का तू बसूनच राहिली?"

"होस्टेलचं," मी म्हटलं. "मला सोडून तू घरी गेलाच नाहीस म्हणे. रस्त्यात कडुलिंबाखाली बसून रडलास, दिवस बुडेपर्यंत."

दादाचे हात थांबले. मग त्याने सालं गोळा केली, धोतर झटकलं आणि उठला. "ऊन डोक्यात गेल्यावर माणूस काईबी बकते," तो म्हणाला. "तुमीच सांगता ना लोकाईले?"

मी हो म्हटलं. सुपातले दाणे मला धड दिसत नव्हते. तो सालं गुरांना टाकायला अंगणात गेला. मी त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होते. गोठ्यापाशी तो थांबला. माझ्याकडे पाठ करूनच उभा होता.

"कडुलिंब नव्हता तो," दादा म्हणाला. "बाभूळ होती. सावलीबी नव्हती तिले धड."